वाद आरतीचा, लॅटिनचा नव्हे

१८८६ साली कॅथलिक चर्चचा पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा पहिले बिशप बायडरलिंडन हे जर्मन जेझुइट होते, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी घालून दिलेली ती रीत जवळपास चारशे वर्षे टिकली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना दार उघडले. ३ एप्रिल १९६९ रोजी पोप पॉल सहावे यांनी नव्या मिस्सेला मान्यता दिली. त्यानंतर अवघ्या २२ दिवसांनी रोमने भारतासाठी बारा मुभा मंजूर केल्या: गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, वेदीचे चुंबन न घेता तिला हात लावून तो कपाळाला टेकवणे. आणि आरती!

युरोपात मार्सेल लफेव्र या फ्रेंच आर्चबिशपने १९७० मध्ये जुन्या रीतीसाठी संत दहावे पायस यांच्या नावाचा संघ उभारला. १९८८ मध्ये पोपची परवानगी न घेता त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली, आणि रोमने त्यांना बहिष्कृत ठरवले. भारतात मात्र लॅटिन गेल्याच्या दुःखापेक्षा आरती आल्याचा संताप मोठा होता. मद्रासचे व्हिक्टर कुलांडे यांनी तर हे चर्चचे हिंदूकरण असल्याचा आरोप करत लेखणी परजली.

परंपरा नेमकी कोणती, हा प्रश्न मराठी मुलखात जास्तच अवघड होतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट थॉमस स्टीफन्स मिस्सा लॅटिनमध्येच करत. पण पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी ओवीबद्ध मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. राचोलला ते १६१६ मध्ये छापले गेले. लॅटिनचा हट्ट धरणाऱ्यांनी आणि आरती ओवाळणाऱ्यांनी, दोघांनीही त्यांना आपला पूर्वज म्हणावे असा हा माणूस.

बारा मुभांवर दुसऱ्या बाजूनेही टीका झाली. हा वेष ब्राह्मणी आहे, जे सोडून आम्ही चर्चमध्ये आलो तेच पुन्हा समोर का, असे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारले. लफेव्रपंथीयांच्या तक्रारीपेक्षा हा सवाल अधिक बोचरा होता.

तिकडे रोममध्ये लॅटिनचाच वाद चालू राहिला. नवी मिस्सा आल्यावर जुन्या मिस्सेवर आलेली बंधने २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी सैल केली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली: आता बिशपची परवानगी हवी, आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूला जुनी मिस्सा करायची तर बिशपनेही आधी रोमला विचारायचे.