२३ जून १९२३ : स्टॉकहोमचे नगरभवन खुले

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या नगरभवनाचे १९२३ मध्ये आजच्या दिवशी उद्घाटन झाले. राजा गुस्ताव वासाच्या नगरप्रवेशाला त्या वर्षी ४०० वर्षे पूर्ण झाली होती. वास्तुविशारद राग्नार ऑस्टबर्ग यांनी पाण्याकाठी, दोन चौकांभोवती ही वास्तू उभारली. तिला सुमारे ८० लाख विटा लागल्या. मनोरा १०६ मीटर उंच आहे. ‘निळ्या दालना’ला निळा गिलावा द्यायचे ठरले होते; पण लाल विटांची शोभा पाहून ऑस्टबर्ग यांनी तो बेत सोडला. नाव मात्र टिकले. १०१ सदस्यांच्या नगरपरिषदेच्या सभा इथे भरतात. पालिकेची कार्यालये इथेच आहेत, नोंदणी विवाहही लागतात. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल विजेत्यांची शाही मेजवानी याच निळ्या दालनात होते.