आधी पदवी की आधी वर्दी?

सैन्याच्या पैशावर कॉलेज करण्याचे अमेरिकेत अनेक मार्ग आहेत. ते मिळणाऱ्या रकमेवरून तोलले तर फारसे काही कळत नाही. पैसा सेवेच्या आधी मिळतो की नंतर, हे पाहावे. मधे काही बिघडले तर भुर्दंड कोणावर, ते त्यावरच ठरते.

आधी पदवी देणारा मार्ग म्हणजे आरओटीसी शिष्यवृत्ती. १९१६च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत विद्यार्थी नेहमीच्याच विद्यापीठात शिकतो, जोडीला कवायत आणि लष्करी विषय करतो आणि पदवीबरोबर अधिकारी होतो. भूदल फी किंवा राहण्या-जेवण्याचा खर्च उचलते. शिवाय पुस्तकांना वर्षाला १२०० डॉलर आणि हातखर्चाला महिना ४२० डॉलर. बदल्यात एकूण ८ वर्षांची बांधिलकी, त्यातली साधारण ४ पूर्णवेळ. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत ही बांधिलकी दुसरे वर्ष सुरू होताच लागू होते. त्याआधी बाहेर पडणाऱ्याला काही फेडावे लागत नाही. माझ्या मते अख्ख्या करारातले सर्वांत मोलाचे कलम हेच. पुढे गुण घसरले किंवा मन उडाले, तर सरकार पैसे परत मागू शकते किंवा साधा सैनिक म्हणून सेवेला बोलावू शकते. एकोणिसाव्या वर्षी केलेली सही अशी कर्जात बदलू शकते.

दुसऱ्या मार्गात आधी वर्दी. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केलेल्या ‘जीआय बिल’ या कायद्याच्या आधारे महायुद्धातून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक कॉलेजात गेले. कृष्णवर्णीय सैनिकांचा हक्क मात्र वर्णभेदी कॉलेजांच्या बंद दारांमुळे बऱ्याचदा कागदावरच राहिला. जीआय बिलाच्या २००९पासूनच्या योजनेत ३६ महिने पूर्णवेळ सेवा केली की ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा पूर्ण लाभ मिळतो: सरकारी विद्यापीठाची स्थानिक दराची फी, घरभाडे, पुस्तके. शिक्षण मधेच सोडले तरी नव्याने सेवा करावी लागत नाही. जोखीम असते ती आधीच, आणि ती जिवाची असते.

दोन्ही लाभ सहज जोडता येतील, असे अनेकांना वाटते. पण शिष्यवृत्तीच्या परतफेडीची ४ वर्षे जीआय बिलासाठी धरली जात नाहीत. पूर्ण लाभ हवा तर त्यापुढे आणखी ३ वर्षे, म्हणजे एकूण ७.

म्हणून शिष्यवृत्ती त्यानेच घ्यावी, ज्याला फी माफ नसतानाही अधिकारी व्हायचे असते. ज्याची खात्री नाही, त्याला शिष्यवृत्तीशिवाय पहिली दोन वर्षे आरओटीसीचे वर्ग करून पाहता येतात. त्याला बांधिलकी नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलांनाही नागरिक म्हणून हे मार्ग खुले आहेत. त्यांच्या आईवडिलांना एकच विनंती: दुसरे वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत तो करार मुलाबरोबर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.