मानवसदृश आकृतींचे भय

मानवसदृश आकृतींचे भय : माणसाशी बरेच साम्य असलेल्या, परंतु माणूस नसलेल्या बाहुल्या, मेणाचे पुतळे, यंत्रमानव इत्यादींच्या दर्शनाने मनात उत्पन्न होणारी अस्वस्थता. समोरची वस्तू सजीव की निर्जीव, या संशयात तिचे मूळ आहे, असे जर्मन मानसोपचारतज्ञ एर्न्स्ट येंच यांनी १९०६ मध्ये प्रतिपादिले. फ्रॉइड यांना ते अपुरे वाटले (१९१९). जपानी यंत्रमानवतज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे मांडले, की यंत्राचे माणसाशी साम्य वाढते तशी त्याविषयीची आपुलकी वाढते. मात्र साम्य जवळजवळ पूर्ण होताच ती एकदम ढासळते. या घसरणीला त्यांनी ‘दरी’ म्हटले. खऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम हात हाती घेताच थंड लागतो, तेव्हा अंगावर येणारा शहारा हे त्यांचे उदाहरण.

पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांतील शेतकऱ्याने या संशयाचा उपयोग फार पूर्वीपासून करून घेतला आहे. रब्बी ज्वारीचा दाणा भरू लागला, की गोफणीच्या जोडीला बुजगावणे उभे राहते : काठ्यांची फुली, तीवर जुना सदरा आणि डोक्याच्या जागी चुन्याने डोळे रेखलेले मडके. हा शब्द ‘बुजणे’ या क्रियापदावरून आला. पाखरे थोड्याच दिवसांत त्याला सरावतात. तिन्हीसांजेला बांधावरून जाणारा माणूस मात्र, ते कशाचे आहे हे ठाऊक असूनही, क्षणभर थबकतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, तेथे पाखरांच्या राखणीची गरजच उरली नाही.

भाद्रपदात घरोघर उभ्या राहणाऱ्या गौरींची घडण याहून फार निराळी नसते. आधाराला नेसवलेली साडी, त्यावर पितळी वा शाडूचा मुखवटा, रेखीव डोळे व निश्चल मुद्रा. येंच यांच्या निकषाने ही आकृती भयप्रद ठरावयास हवी. पण लेकरेसुद्धा तिच्यासमोर निर्धास्त वावरतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन व मुळावर विसर्जन, असा तिच्या सजीवत्वाचा काळ नेमलेला असतो. ती केव्हा आली व केव्हा गेली, याविषयी घरात संशय नसतो. बुजगावण्याला असा विधी नाही. तेव्हा साम्य किती, याइतकेच ते सजीवत्व कोणी व कोठवर दिले, हेही महत्त्वाचे ठरते. मोरी यांच्या आलेखात याला जागा नाही.

महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) या चित्रपटात नेमकी हीच मर्यादा मोडते. बोलक्या बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो आणि एरवी दुसऱ्याच्या आवाजात बोलणारे बाहुले आपणहून बोलू लागते. रामदास पाध्ये यांनी घडविलेला हा तात्या विंचू लहानांना हसवतो, तसाच भिववतोही.

डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आय. आय. टी.त आलेल्या सोफिया या यंत्रमानवाला साडी नेसविली होती. तिचा चेहरा माणसासारखा, परंतु मस्तकाचा मागील भाग पारदर्शक असून आतील यंत्रणा उघड दिसते.