फ्लॅश प्लेअर अपडेट, बनावट
ॲडोबीच्या फ्लॅश प्लेअरची नवी आवृत्ती असल्याचे भासवून संगणकात घातक प्रणाली घुसवण्याची क्लृप्ती. ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ अशी चौकट येई. बटण दाबले की फाइल उतरे. २०११ मध्ये मॅकवर आलेला फ्लॅशबॅक आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये रशिया-युक्रेनमध्ये पसरलेला खंडणीखोर बॅड रॅबिट याच वाटेने शिरले. बॅड रॅबिटने तर खऱ्याखुऱ्या वृत्तस्थळांचा आडोसा घेतला होता. ओळखीचे संकेतस्थळ ही काही हमी नव्हे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश बंद केला, तेव्हा आता अशी सूचना दिसली तर ती खोटीच समजावी. हल्ली सोंग बहुधा ब्राउझर-अपडेटचे असते. क्रोमचे खरे अपडेट मेनूतील ‘अबाउट गूगल क्रोम’मध्ये तपासता येते. अशा खोट्या सूचनांच्या, कोपऱ्यात सारख्या उगवणाऱ्या चौकटी ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मधून त्या पाठवणाऱ्या साइटची परवानगी काढली की बहुधा थांबतात.