गोल्फची काठी: 'लेडीज' आणि 'जेन्ट्स'

गोल्फबद्दल एक फॉरवर्डेड मेल वर्षानुवर्षं फिरते आहे: गोल्फ म्हणजे म्हणे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन'ची आद्याक्षरं! मस्त आहे, पण निव्वळ थाप. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली या खेळावर बंदी घातली, त्या कायद्यातही हा शब्द आहे. लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच खेळत बसायचे, म्हणून बंदी. तरीही ही थाप इतकी खपते, कारण बायकांच्या बाबतीत या खेळाचा इतिहास तसाच आहे. त्याचा एक तुकडा आजही दुकानात 'लेडीज सेट' म्हणून मिळतो.

या सेटमध्ये वेगळं काय असतं? क्लब साधारण इंचभर आखूड, शाफ्ट हलका आणि जास्त लवचिक, ग्रिप बारीक आणि चेंडू सहज वर उचलला जावा म्हणून ड्रायव्हरचा लॉफ्ट जास्त. गंमत अशी, की गोल्फचे नियम हा फरक मानतच नाहीत. भालाफेकीत पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि बायकांचा ६०० चा, हे नियमातच आहे. गोल्फमध्ये चेंडू तोच, होल तेवढंच, बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब हेही सगळ्यांना सारखंच. मग हा फरक आला कुठून?

१८६७ साली सेंट अँड्र्यूजला बायकांचा गोल्फ क्लब निघाला. त्यांच्या वाट्याला मैदान आलं ते फक्त पटिंगचं. म्हणजे बायकांच्या पहिल्या 'सेट'मध्ये काठी एकच, पटर! पुढे १८९० मध्ये 'बॅडमिंटन लायब्ररी' मालिकेतल्या गोल्फवरच्या पुस्तकात लॉर्ड वेलवुड यांनी सुचवलं, की बायकांनी चेंडू सत्तर-ऐंशी यार्डांपर्यंतच मारावा. ताकद नाही म्हणून नव्हे हं! त्याहून लांब मारायचा तर क्लब खांद्याच्या वर न्यावा लागतो, आणि बायकांच्या पोशाखात ते काही शोभून दिसत नाही, म्हणून.

नीट बघा, इथे प्रश्न शरीराचा नव्हताच, शिष्टाचाराचा होता.

तीनच वर्षांत, १८९३ ला, ब्रिटनमध्ये 'लेडीज गोल्फ युनियन' स्थापन झाली आणि अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिली तिन्ही वर्षं जिंकली लेडी मार्गारेट स्कॉट. तिचे फोटो मिळाले तर जरूर बघा. पायघोळ झगा, डोक्यावर टोपी, आणि क्लब खांद्यावरून पार पाठीमागे गेलेला. वेलवुडसाहेबांना परस्पर उत्तर मिळालं.

त्या काळी शाफ्ट हिकरी लाकडाचे असत. प्रत्येक लाकूड वेगळं, त्यामुळे प्रत्येकाची लवचिकता वेगळी. ब्रिटनमध्ये १९२९ साली स्टीलच्या शाफ्टना परवानगी मिळाली आणि एकसारखे शाफ्ट बनवणं सोपं झालं. पुढे लवचिकतेला अक्षरं चिकटली: 'एस' म्हणजे स्टिफ, 'आर' म्हणजे रेग्युलर आणि सगळ्यात मऊ 'एल', म्हणजे लेडीज. या अक्षरांना आजही सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका कडक निघू शकतो.

क्लब आखूड-लांब असण्यामागे विज्ञान आहेच. स्विंग संथ असेल तर हलका, लवचिक शाफ्ट आणि जास्त लॉफ्ट खरंच मदत करतात. पण इथे महत्त्व वेगाला आणि उंचीला आहे. एलपीजीए टूरवरच्या खेळाडूंच्या ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो, आणि हौशी पुरुषाचाही जवळपास तेवढाच! आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल हवा होता 'स्विंगचा वेग', आणि कोडमध्ये लिहिला गेला 'स्त्री की पुरुष'.

याचा तोटा दोघांनाही होतो. उंच, जोरकस मुलीच्या हातात मऊ काठी येते आणि तिचा चेंडू भलतीकडे जातो. आणि साठीचे काका 'लेडीज' हा शिक्का नको म्हणून कडक शाफ्ट घेऊन कंबर धरून बसतात :-)

तेव्हा कुणी क्लब घ्यायला निघालंच, तर आधी स्विंग मोजून घ्या. शिक्का नंतर वाचा, किंवा वाचूच नका.