ठासणीची बंदूक आणि नऊ थाऊ

आजचा भाग तारापूरचा. किल्ल्याजवळ उभं राहून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत वारा फार आहे. ज्यांना ऐकवत नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

जानेवारी १७३९. चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून तारापूर घेतलं, पण त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांना हा माणूस भावासारखा. त्यांच्या आईला, वेणूबाईंना, पेशव्यांकडून सांत्वनाचं पत्र गेलं. आपण एवढं वाचतो आणि वसईच्या वेढ्याकडे वळतो. मी मात्र त्या गोळीपाशीच थांबलो. ती ओतायची कशी, केवढी?

माझे बाबा बोईसर एमआयडीसीत लेथवर होते. त्यांना विचारलं, नळीपेक्षा गोळी किती लहान ठेवाल? ते म्हणाले, "आधी सांग, नुसती आत सरकवायची आहे की घट्ट बसवायची?"

सगळा प्रश्न तोच आहे.

त्या काळच्या बहुतेक बंदुका ठासणीच्या, आतून गुळगुळीत. तोंडातून दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या चुलीवर कढईत वितळवून साच्यात ओतता येतं. पण काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि दर बाराला वाट अरुंद होते. म्हणून गोळी मुद्दाम सैल ठेवायची. इंग्रजांच्या ब्राऊन बेसची नळी साधारण ०.७५ इंच, गोळी ०.६९. बाबांच्या भाषेत साठ थाऊंची फट! वजन सुमारे ३२ ग्रॅम. (आपण 'बारा बोर' म्हणतो ना, त्याचा अर्थ एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी.)

एवढी सैल गोळी नळीत आपटत बाहेर पडते. शंभर यार्डांपुढे नेम म्हणजे नशीब. पण तटाखाली शिड्या लावून आलेल्या माणसावर झाडायला नेम कशाला हवा? तिथे भराभर बार भरता आला पाहिजे. सैल गोळी तिथेच जास्त घातक.

रायफलीत हे चालत नाही. नळीत आटे असतात, आणि शिसं त्या आट्यांत रुतलं तरच गोळी फिरते. रुतायला घट्ट हवी; घट्ट केली तर तोंडातून ठासताना जीव जातो. आजही शिशाच्या गोळ्या ओतणारे आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत बाहेर काढतात, त्यावर उमटलेले आटे मोजतात आणि गोळी त्याहून एखादा थाऊ जाड ठेवतात. पण ते मागून भरायच्या बंदुकीत जमतं.

१८५३ च्या एन्फील्डने मधला मार्ग काढला. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८. फट नऊ थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटरसुद्धा नाही. बार उडाला की दारूच्या दाबाने मऊ शिसं फुगून आट्यांत बसायचं. पण नऊ थाऊंच्या फटीत काजळी आली की गोळी अडणारच. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण, आणि तो कागद दातांनी फोडायचा.

हो, तीच १८५७ ची काडतुसं. शाळेत चरबी कोणाची हे शिकवलं. चरबी लागायचीच का, हे मला बाबांच्या प्रश्नावरून कळलं. धर्म बुडवायचा कट होता की नाही यावर कमेंटमध्ये भांडा खुशाल, पण वंगणाची गरज मापातून आली होती. आणि ते माप इंग्रजांनाही जड गेलं. उठावानंतर गोळीचा व्यास ०.५५० इंचावर आणला. फट सत्तावीस थाऊ. मग एवढी बारीक गोळी आट्यांत बसावी म्हणून तिच्या तळाच्या पोकळीत लाकडी गुडदी, जी आत घुसून शिसं फाकवायची.

बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "एवढी माणसं मेल्यावर ड्रॉइंग बदललं होय!"

पुढच्या भागात आशेरीगड.