बेचाळीस माथे आणि त्यांचे साक्षीदार

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, केझिक नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या चौकातल्या मूट हॉलच्या दारातून निघायचं, बेचाळीस शिखरांचे माथे गाठायचे आणि चोवीस तासांच्या आत त्याच दारात परत यायचं, ही ‘बॉब ग्रॅहम राउंड’. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, एकूण चढाई ८,२०० मीटरच्या आसपास. वाटेतलं सर्वांत उंच शिखर, स्कॉफेल पाईक, अवघं ९७८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. पण कळसूबाई चढून उतरलं की दिवसाचं काम संपतं. इथे उतरण संपते न संपते तोच पुढचा चढ उभा राहतो.

मी मूळचा जुन्नरचा. शिवनेरी, हडसर, चावंड पालथे घालत वाढलो आणि नोकरीसाठी लँकेशायरला आलो. इथल्या डोंगरात धावणाऱ्यांशी ओळखी झाल्या, तेव्हापासून या फेरीत साथीला जातो. धावणाऱ्याचं पाणी, खाणं, जादा कपडा आपल्या पाठीवर घ्यायचा, धुक्यात वाट काढायची आणि प्रत्येक माथ्यावर पोचल्याची वेळ टिपायची, हे साथीदाराचं काम. म्हणून हा इतिहास मी साथीदाराच्या जागेवरून पाहतो. घड्याळाचे आकडे त्यात आहेतच, पण ते आकडे ज्यांच्यामुळे उभे राहिले ती माणसं मला जास्त मोलाची वाटतात.

ही चढाओढ ग्रॅहमच्या कितीतरी आधीची. १८६४ मध्ये एलियट नावाच्या पाद्र्याने वॉस्डेल खोऱ्याभोवतीची नऊ शिखरं साडेआठ तासांत केली. १९०५ मध्ये केझिकच्या डॉ. आर्थर वेकफिल्डने चोवीस तासांतल्या शिखरांचा आकडा खूप पुढे नेला. हाच वेकफिल्ड पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता. १९२० मध्ये मँचेस्टरच्या युस्टेस थॉमसने त्याचा विक्रम मोडायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मदतीला खुद्द वेकफिल्ड डोंगरात उतरला. आपला विक्रम मोडायला आलेल्याला आपणच वाट दाखवायची, हा इथला रिवाज.

बॉब ग्रॅहम केझिकमध्ये गेस्ट हाउस चालवायचा. १३-१४ जून १९३२ ला त्याने बेचाळीस शिखरं २३ तास ३९ मिनिटांत पुरी केली. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्याचा सदरा, खायला ब्रेड-बटर, अर्धवट उकडलेली अंडी, फळं आणि गोळ्या. मित्र आळीपाळीने सोबत होते. त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षं हा पराक्रम कुणालाच पुन्हा जमला नाही. १९६० मध्ये लँकेशायरच्या अ‍ॅलन हीटनने २२ तास १८ मिनिटांत फेरी पुरी केली आणि दार उघडलं. ग्रॅहम १९६६ मध्ये गेला. १९७१ मध्ये त्याच्या नावाने क्लब निघाला. १९७७ मध्ये जीन डॉज ही फेरी पुरी करणारी पहिली स्त्री ठरली.

क्लबात यायचं तर प्रत्येक माथ्यावर साक्षीदार हवा. ना शर्यत, ना पंच, ना बक्षिसाची रक्कम. आमच्या हाती शिखरांची नावं आणि ठरलेल्या वेळा लिहिलेला कागद असतो, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेला. दगडांच्या राशीला धावणाऱ्याचा हात लागला की खरी वेळ लिहायची. हेल्व्हेलिनच्या धारेवर पहाटेच्या वाऱ्यात पेन्सिल धरताना बोटं वळत नाहीत, तरी आकडा चुकवून चालत नाही. स्कॉफेल पाईकवरून स्कॉफेलकडे जाताना ब्रॉड स्टँडचा कातळ आडवा येतो. आधी अंग तिरकं करून एका फटीतून पलीकडे सरकायचं, मग ओल्या, घोटून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून वर चढायचं. अर्ध्या फेरीचे चढउतार पायांत भरलेल्या माणसाला तिथे दोराचाच आधार. तो दोर घेऊन कुणीतरी तासभर आधीपासून वर थंडीत बसलेला असतो.

अशा साथीच्या जोरावर आकडे बदलत गेले. वॉस्डेलचा मेंढपाळ जॉस नेलर याने १९७५ मध्ये चोवीस तासांच्या आत बहात्तर शिखरं केली. तरुणपणी त्याच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली होती. १९८२ मध्ये बॉरोडेलचा गवंडी बिली ब्लँड मूळची बेचाळीस शिखरं १३ तास ५३ मिनिटांत करून आला. कुठली धार पकडली तर मिनिट वाचतं, कुठला घसारा सोडून उतरायचं, हे त्याला पायाखालच्या सवयीने ठाऊक होतं. तो विक्रम छत्तीस वर्षं टिकला. ८ जुलै २०१८ ला स्पेनच्या किलियन जोर्नेटने १२ तास ५२ मिनिटं घेतली. जगातल्या अव्वल डोंगरी धावपटूलाही वाट दाखवायला, पाणी द्यायला इथली स्थानिक मंडळीच बरोबर होती, आणि मूट हॉलपाशी त्याचं अभिनंदन करायला ब्लँड हजर होता. २०२० मध्ये बेथ पास्कलने १४ तास ३४ मिनिटांत स्त्रियांचा विक्रम केला, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॅक कुन्झलने वेळ १२ तास २३ मिनिटांवर आणली.

आपल्याकडेही सिंहगड, राजगड, तोरणा एका दमात जोडणारी पोरं-पोरी आहेत. पाय इथल्याइतकेच दणकट, वाटा इथल्यापेक्षा अवघड. सह्याद्रीच्या धावेलाही असा लिहिलेला इतिहास हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मोठी संस्था किंवा पैसा लागत नाही. प्रत्येक माथ्यावर एक साक्षीदार आणि वेळ टिपणारा एक कागद पुरे. आणि त्याहून मोठी गोष्ट लागते ती ही, की ज्याच्या नावावर आज विक्रम आहे त्याने उद्या येणाऱ्याची पिशवी आपल्या पाठीवर घ्यावी.